थांबलेली गाडी, वाहती माणसं

ब्राझीलचा छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो याने १९९५ साली चर्चगेट स्थानकात टिपलेलं कृष्णधवल छायाचित्र जगभर पाहिलं गेलं. पण त्याचा खरा वाचक अंधेरी-बोरिवलीचा. चौकटीतली गर्दी त्याची आहे, आणि साल्गादोनेही शीर्षकात स्थानकाच्या जोडीला पश्चिम रेल्वेमार्गाचं नाव घातलं आहे.

आधी गाड्या पाहाव्यात. दोन्ही अंगांना लोकल उभ्या आहेत, त्यांचा पत्रा न् पत्रा रेखीव. मधल्या फलाटावरची माणसं मात्र धूसर, एकमेकांत मिसळलेली. शटर अंमळ जास्त वेळ उघडं राहिलं. जे स्थिर होतं ते उमटलं, जे हललं ते विरघळलं. धावण्यासाठी घडवलेली गाडी इथे निश्चल आहे आणि वाहतात ती माणसं. चर्चगेटला रूळ संपतात. तिथे गाडीची उरलेली गती उतारूंनी उचलावी, हे रोज घडतं. ते एकाच चौकटीत दाखवणं हा अस्सल कलावंताचा हात.

शटरचा अवधी किती नेमका साधला आहे, हे सहज लक्षात येत नाही. तो फार लांबला असता, तर चालती माणसं पार पुसली जाऊन फलाट ओसाड दिसला असता. आखूड ठेवला असता, तर सुटे सुटे चेहरे मिळाले असते आणि लोंढा हरवला असता. शिवाय धूसरपणाही सगळीकडे सारखा नसतो. लांब अवधीत उजळ कपडा अधिक ठसा सोडतो, गडद कपडा पार्श्वभूमीत विरतो. कचेरीच्या गर्दीतल्या पांढऱ्या-फिकट शर्टांनी या प्रवाहाला उजेड पुरवला आहे. गर्दीचा पोत गर्दीच्याच कपड्यांतून विणून घेणं, काय बारीक नजर आहे ही!

मग कॅमेऱ्याची उंची. डब्यातून उतरणाऱ्याला दिसते पुढच्याची पाठ, खांद्यावरची बॅग आणि पायाखालची हातभर जागा. साल्गादो वर चढला, म्हणून त्या धक्काबुक्कीला असलेली दिशा दिसली. परदेशी पाहुण्याला मोह पडतो तो दाराला लटकलेल्या पोराचा किंवा डबेवाल्याच्या टोपीचा. इथे कोणीच नायक नाही, आणि हा संयम मला तंत्राहूनही मोलाचा वाटतो.

जवळपास त्याच काळातलं, १९९४ सालचं छायाचित्रकार रघुबीर सिंग यांचं मुंबईवरचं पुस्तक शेजारी ठेवून पाहावं. तिथे रंग आहेत, काचा आणि प्रतिबिंबं आहेत, माणूस माणूस वेगळा ओळखू येतो. दोन्ही मुंबया खऱ्या. रघुबीर सिंगांची दुपारी रस्त्यावर भेटते, साल्गादोची सकाळी नऊच्या सुमारास.

हे छायाचित्र स्थलांतरावरच्या त्याच्या महाग्रंथात २००० साली आलं. युद्धाने, दुष्काळाने, दारिद्र्याने घर सोडलेल्यांच्या त्या पुस्तकात लोकलच्या गर्दीचं काय काम? साल्गादो मूळचा अर्थशास्त्रज्ञ. माणूस कामाच्या मागे कसा सरकतो, हे त्याला आकड्यांतून आधी कळलं होतं. आपल्याला ते घरातूनच माहीत आहे. गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, तशी कितीतरी मराठी कुटुंबं बोरिवलीला गेली, मुलुंडला गेली. घर हललं, कचेरी तिथेच राहिली. पश्चिमेची माणसं चर्चगेटला, मध्य रेल्वेची बोरीबंदरला, आपल्याच जुन्या शहरात रोज पाहुण्यासारखी उतरू लागली. संध्याकाळी बोरिवली फास्ट पकडण्यासाठी पुन्हा तोच फलाट. कोणी या हेलपाट्याला विस्थापन म्हणत नाही, त्याची नोंद ठेवत नाही. साल्गादोने त्याला निर्वासितांच्या तांड्यांच्याच पंक्तीत जागा दिली, आणि तीही दयेचा सूर न लावता.