पुस्तकं ठेवायची तरी कुठे? : एत्तोरे सोत्सासचं ‘कार्लटन’

‘कार्लटन’चा फोटो पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो : यात पुस्तकं ठेवायची तरी कुठे? प्रश्न रास्त आहे. १९८१ साली मिलानमध्ये मांडलेलं हे बुकशेल्फ. उंची सुमारे १९५ सेंटिमीटर, रुंदी १९०, खोली ४०. मापं तशी घरातल्या कुठल्याही मोठ्या कपाटाची. पण कपाटाला जे जे असावं लागतं, त्यातलं फार थोडं याच्याकडे आहे. मागची फळी नाही. दोन्ही कडेच्या सरळ उभ्या भिंती नाहीत. कप्पे आडवे आहेत, पण त्यांच्या टोकांना ज्या फळ्या आहेत त्या तिरप्या, आणि त्यातल्या कित्येक बाहेरच्या दिशेने झेपावून मोकळ्या हवेत संपतात. लाल, पिवळा, हिरवा, निळा हे रंग एकमेकांची भीडभाड न ठेवता शेजारी बसलेले. तळाशी काळ्यापांढऱ्या वळवळत्या नक्षीचा रुंद चौथरा. एखाद्या मिस्त्रीला हे चित्र दाखवलं तर तो आधी हसेल आणि मग विचारील, साहेब, हे पडणार नाही ना?

पडत नाही. किंबहुना ते पडत का नाही हे शोधायला लागलं की ‘कार्लटन’ उलगडायला लागतं.

वरवर वाटतं की फळ्या कशाही फेकल्यात. नीट पाहिलं तर मधोमध एक अदृश्य रेघ आहे आणि डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब आहे. तिरप्या फळ्यांचा कलही मनमानी नाही. सगळी रचना समभुज त्रिकोणांवर उभी आहे. काही त्रिकोण प्रत्यक्ष दिसतात, काही डोळ्यांनी पुरे करायचे असतात. म्हणजे रंगांनी जो दंगा चाललाय, त्याच्या खाली भूमिती शिस्तीत उभी आहे. ही शिस्त एका आर्किटेक्टची. सोत्सासचा जन्म १९१७चा, इन्सब्रुकचा. वडीलही आर्किटेक्ट. १९३९ साली तो तोरिनोच्या पॉलिटेक्निकमधून पदवी घेऊन बाहेर पडला आणि थेट युद्धात सापडला, युगोस्लाव्हियात कैदेतही राहिला. पुढे मिलान, आणि १९५८पासून ओलिवेत्ती कंपनीचं काम. हा सगळा तपशील एवढ्याचसाठी, की ‘कार्लटन’ हे कुणा विशीतल्या पोराचं वात्रटपण समजू नये. ते लोकांसमोर आलं तेव्हा सोत्सासला चौसष्टावं वर्ष पूर्ण होऊन चारच दिवस झाले होते.

आता पुस्तकांचा प्रश्न. अर्ध्या भरलेल्या कप्प्यात पुस्तकं कशी राहतात ते आठवून पाहा. सरळ उभी ती कधीच राहत नाहीत. शेवटचं कलतं, त्याच्यावर आधीचं रेलतं, आणि आपण येता-जाता ती सरळ करत बसतो. नेहमीचं शेल्फ असं धरून चालतं की ते कायम गच्च भरलेलं असेल. सोत्सासने पुस्तकांचा हा कलच गृहीत धरला आणि त्यांना रेलायला तिरपी भिंत दिली. फळीच्या उतारावर पाच-सहा पुस्तकं आरामात टेकतात. हजार पुस्तकांचा संग्रह असणाऱ्याला याचा उपयोग नाही, हे उघड आहे. पण काही मोजकी पुस्तकं, एखादी सुरई, एखादं मडकं आणि मध्ये भरपूर मोकळी जागा, असा ज्याचा संसार आहे त्याला हे शेल्फ मुळीच अडचणीचं नाही. खाली दोन ड्रॉवरही आहेत. लोकांच्या ते लक्षात येत नाहीत, कारण नजर वर हातांसारख्या पसरलेल्या फळ्यांवरच अडकते.

मागची फळी नसण्यालाही अर्थ आहे. ‘कार्लटन’ला बुकशेल्फ म्हणतात तसंच खोलीचं विभाजकही म्हणतात. भिंतीला टेकून आज्ञाधारकपणे उभं राहणं त्याच्या नशिबी नाही. ते खोलीच्या मध्ये उभं राहतं आणि त्याच्या फटींतून पलीकडचा माणूस दिसत राहतो. इथे मला सोत्सासचं एक फार वेगळं काम आठवतं. ओलिवेत्तीचा ‘एलेआ ९००३’ हा प्रचंड संगणक, १९५९ सालचा. एक अख्खी खोली व्यापणारी ही यंत्रं म्हणजे लोखंडी कपाटांच्या रांगाच. सोत्सासने त्या कपाटांची उंची माणसाच्या नजरेखाली ठेवली, केबली डोक्यावरच्या मार्गांतून नेल्या, म्हणजे काम करणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसत राहावेत. त्या कामासाठी त्याला ‘कोम्पासो दोरो’ हा इटलीतला डिझाइनचा मानाचा पुरस्कार मिळाला. एक यंत्र, एक बुकशेल्फ, मध्ये बावीस वर्षं, आणि तरी हट्ट तोच : वस्तूने माणसामाणसांत भिंत घालायची नाही. १९६९च्या लालभडक ‘व्हॅलेंटाइन’ टाइपरायटरमुळे तो जगभर ओळखला गेला. समीक्षकही त्याच टाइपरायटरकडे आधी वळतात. मला विचाराल तर ‘कार्लटन’ची खरी थोरली बहीण ‘एलेआ’ आहे.

पण या शेल्फचं मर्म त्याच्या चौथऱ्यात आहे असं मला वाटतं. निव्वळ सोयीसाठी एवढ्या रुंद, जड बैठकीची गरज नव्हती. चार पाय चालले असते. चौथरा आपण कशाला बांधतो? जे रोजच्या जमिनीपासून वेगळं काढायचं, ज्याच्याकडे थांबून पाहायचं, त्याला. सोत्सासने हे आधीही केलं होतं. १९६६च्या सुमारास पोल्त्रोनोवा या कंपनीसाठी त्याने ‘सुपरबॉक्स’ नावाची कपाटं आखली. रंगीत पट्ट्यांची, बैठकीवर ठेवलेली, खोलीच्या मधोमध एकटी उभी करायची. त्यांच्याभोवती फिरावं लागेल, अशी.

ही दृष्टी त्याला कुठून आली, याचं उत्तर निदान अंशतः आपल्या देशात आहे. १९६१ साली सोत्सास पत्नी फर्नांदा पिव्हानोबरोबर भारतात आला. देवळं, घाटांवरची गर्दी, रस्त्याकडेचे शेंदूर फासलेले दगड, रोजच्या साध्या भांड्यांना पूजेत मिळणारं स्थान, असलं काही पाहून गेलेला युरोपीय माणूस पुष्कळदा भारावून तरी जातो किंवा नाक तरी मुरडतो. सोत्सासवर झालेला परिणाम जास्त खोल होता. परतल्यावर मूत्रपिंडाच्या आजाराने तो मरणाच्या दारात पोचला. १९६२मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, त्यामागे ओलिवेत्ती कंपनीच्या घराण्यातल्या रॉबेर्तो ओलिवेत्तीची मदत होती. बरा झाल्यावर त्याने १९६३मध्ये ‘अंधाराची सिरॅमिक्स’ ही काळोख्या रंगांच्या भांड्यांची मालिका केली. पुढच्या वर्षी प्लेट्सची एक मालिका केली, तिचं नाव ‘शिवाला अर्पण’. जीव वाचल्याची कृतज्ञता म्हणून केलेली वर्तुळं, बिंदू आणि रंग. नंतरच्या काही सिरॅमिक्सना त्याने ‘यंत्र’ हे नावही दिलं.

हे मनात ठेवून ‘कार्लटन’कडे पुन्हा पाहा. चौथऱ्यावर मधोमध उभी आकृती, दोन्ही बाजूंना एकाखाली एक पसरलेले हात, वर डोक्यासारखा भाग. आपल्या डोळ्यांना अनेक हातांची मूर्ती दिसायला फारसा वेळ लागत नाही. सोत्सासने मूर्तीच काढली असा दावा मी करणार नाही. पाश्चात्त्य पाहणाऱ्याला त्यात हात वर करून नाचणारा माणूस किंवा यंत्रमानव दिसला तर तोही चूक नाही. पण सोयीची वस्तू आणि पूजेची वस्तू यांच्यामधली रेघ पुसट असू शकते, हे त्याने पाहिलं होतं आणि ते विसरायला तो तयार नव्हता, एवढं या शेल्फवरून ठामपणे म्हणता येतं.

आणि या सगळ्या थाटावर कातडं कसलं? लॅमिनेटचं. आपल्याकडे ज्याला कंपनी कुठलीही असो सरसकट सनमायका म्हणतात, तेच. इटलीतही ते कॉफीच्या बारमध्ये, स्वस्त स्वयंपाकघरांत, बाथरूममध्ये लावायचं साहित्य होतं. श्रीमंताच्या दिवाणखान्यात अक्रोड किंवा संगमरवर हवा. आपल्या फ्लॅटमधलं लॅमिनेट बहुतेक वेळा सागवान असल्याचं सोंग करतं. अगदी रेषा आणि गाठीसुद्धा छापलेल्या असतात. सोत्सासला हे सोंगच नको होतं. चौथऱ्यावरची ती वळवळती नक्षी म्हणजे ‘बाक्तेरियो’. १९७८मध्ये त्याने आबेत लामिनाती या कंपनीसाठी ती आखली. सूक्ष्मदर्शकाखाली पसरलेल्या जंतूंसारखी. ती लाकूड नाही, दगड नाही, कशाचीही नक्कल नाही. छापलेलं प्लास्टिक छापलेल्या प्लास्टिकसारखंच दिसतं. मात्र काम सुबक. जोड नेमके, कडा स्वच्छ. हलकं समजलं जाणारं साहित्य आणि उंची कारागिरी यांची ही गाठ मला या शेल्फमधली सर्वांत धीट गोष्ट वाटते, रंगांपेक्षाही धीट.

‘कार्लटन’चं घराणं म्हणजे ‘मेम्फिस’ हा डिझाइनरांचा गट. ११ डिसेंबर १९८०च्या संध्याकाळी सोत्सासच्या मिलानमधल्या घरी काही तरुण डिझाइनर जमले. मिकेले दे लुक्की, मार्को झानिनी, मार्तीन बेदँ, बहुतेक त्याच्या निम्म्याहून कमी वयाचे. रेकॉर्डवर बॉब डिलनचं गाणं वाजत होतं, त्यात मेम्फिस हे गावाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. तेच नाव पडलं. पहिलं प्रदर्शन १८ सप्टेंबर १९८१ला भरलं, पन्नासहून अधिक वस्तूंचं, आणि बाहेर रस्ता अडण्याइतकी गर्दी झाली. पहिल्या वर्षीच्या फर्निचरला बड्या हॉटेलांची नावं दिली होती. लॅमिनेटच्या शेल्फला ‘कार्लटन’ म्हणण्यातली थट्टा इटालियन माणसाला लगेच कळली असणार.

मेम्फिसची प्रत्येक वस्तू मला पटते असं नाही. मासानोरी उमेदाची ‘तावाराया’ ही मुष्टियुद्धाच्या रिंगणासारखी बैठक फोटोसाठी बेष्ट. तीत बसून कुणी तासभर गप्पा मारल्या असतील असं वाटत नाही. आणखी एक आक्षेप जास्त टोचणारा आहे. स्वस्त साहित्याचा एवढा गाजावाजा, पण वस्तू विकत घेणारे कोण? फॅशन डिझाइनर कार्ल लागरफेल्डने आपलं मोन्टे कार्लोचं घर मेम्फिसने सजवलं. गायक डेव्हिड बोवीच्या संग्रहातल्या मेम्फिसच्या वस्तू २०१६मध्ये लंडनला लिलावात निघाल्या. सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरातलं लॅमिनेट सामान्य माणसाला न परवडणाऱ्या किमतीला गेलं. या विसंगतीचं उत्तर मेम्फिसकडे नव्हतं, आणि आहे असं भासवण्यात अर्थ नाही. दरम्यान त्या ठिपक्यांची आणि त्रिकोणांची नक्कल टी-शर्टांपासून कपबशांपर्यंत पोचली. मेम्फिस ही एक स्टाइल होऊन बसली, आणि १९८५मध्ये सोत्सास गटातून बाहेर पडला. नंतर तो मुख्यतः इमारतींकडे वळला आणि ३१ डिसेंबर २००७ला, नव्वदाव्या वर्षी, मिलानमध्ये वारला.

नकला इतक्या झाल्या की मूळ वस्तू आता ओळखीची वाटते, आणि हाच धोका आहे. नकलांमध्ये रंग असतात, ठिपके असतात. चौथरा नसतो, त्रिकोणांचा हिशेब नसतो आणि पलीकडे दिसणारा माणूस तर मुळीच नसतो. ‘कार्लटन’ची एक प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. कधी समोर आलंच तर रंगांकडे शेवटी पाहा. आधी खाली वाकून चौथरा पाहा, मग जमलं तर त्याच्या मागे जाऊन उभे राहा.