कंपवाताचा निबंध आणि त्यांतील सोबती

ज्या ग्रंथकाराचें नांव एखाद्या रोगास कायमचें चिकटतें, त्याचा ग्रंथ वाचणारे मात्र क्वचितच आढळतात. लंडनच्या हॉक्स्टन भागांत वैद्यकी करणारे जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कंपवातावरील निबंधाची अशीच गत झाली आहे. त्यांतील व्याख्या तेवढी उद्धृत होते. बाकीचा निबंध कपाटांत राहतो. आमच्या मतें तो वैद्यांइतकाच गडचांदूरसारख्या लहान गांवच्या घरांतही वाचला जावा. कारण त्यांत रोग्याबरोबर त्याच्या सोबत्याचेंही चित्र आलें आहे.

पुस्तक लहानसें, आणि त्यांत रोगी अवघे सहा. त्यांपैकीं दोघे ग्रंथकारास रस्त्यांत सहज भेटलेले; एक तर नुसता दुरून दिसलेला. केवळ डोळस निरीक्षणाच्या बळावर पार्किन्सनांनीं हात स्वस्थ असतांनाच कांपणें, अंग पुढें झुकणें, चालतां चालतां आपोआप धांवूं लागणें हीं विखुरलेलीं लक्षणें एका सूत्रांत ओंवलीं. भाषा संयत आहे. गहिंवर नाहीं, पण माणुसकीचा ओलावा आहे. पुढें शार्को या फ्रेंच वैद्यानें रोगास त्यांचें नांव दिलें, तें योग्यच झालें.

दोषही सांगितले पाहिजेत. बुद्धि शाबूत राहते हें त्यांचें विधान आज पुरतें टिकत नाहीं; कित्येकांस पुढें विस्मृति व औदासीन्य ग्रासतात. मानेजवळ रक्त काढण्याचा उपचार तर केव्हांच मागें पडला. परंतु आमच्या दृष्टीनें याहून मोठें न्यून हें कीं, येथें रोगी दिसतो, पण फारसा बोलत नाहीं. त्याची लाज, त्याचा एकांत, त्याच्या घरच्यांची ओढाताण निबंधाच्या बाहेरच राहिली आहेत.

तरीहि दुरून दिसलेल्या त्या रोग्याचें वर्णन आम्हांस सर्व निबंधाचें मर्म वाटतें. सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवतो. रोगी मागें-पुढें डुलत तोल साधतो, शब्द देतो आणि धांवूं लागतो. सेवक चटकन् बाजूस होऊन पुढें धांवतो आणि वीसएक पावलांवर तो पडूं नये म्हणून सिद्ध राहतो. आधार, ताल, इशारा आणि सोबत, सर्व येथें आहे. पार्किन्सनांनीं तें लक्षण म्हणून नोंदलें. उपायाचें बीज म्हणून ओळखण्याचें काम पुढच्यांवर राहिलें.

मेंदूंतील डोपामिन हें द्रव्य कमी पडल्यानें पाऊल आपोआप उचलेनासें होतें. परंतु टाळी, मोजणी, जमिनीवरची रेघ असा बाहेरचा इशारा मिळतांच तेंच पाऊल पुष्कळदां उचलतें. लेव्होडोपा हें औषध मुख्य खरें. आमच्या रानांतील खाजकुयलीच्या बियांतही तें असतें. पण म्हणून कोणी आपल्या अटकळीनें त्या बिया खाऊं नयेत. व्यायामानें रोग बरा होत नाहीं. चाल, तोल व आवाज टिकविण्यास मात्र औषधाच्या जोडीला तो हवाच. पुण्यांत २००० सालीं स्थापन झालेलें पार्किन्सन्स मित्रमंडळ रोगी व त्यांचे आप्त यांनींच उभें केलें. तेथें सभा होतात, अनुभव सांगितले जातात. हृषीकेश पवार यांच्यासारख्या नर्तकानें अशा रोग्यांना नृत्य शिकविलें. निबंधांत मूक असलेला रोगी येथें बोलूं लागला.

पण पुणें दूर आहे. सिमेंटच्या कारखान्यांच्या गडचांदुरांत, किंवा कोरपना-राजुऱ्याकडील खेड्यांत, हात कांपूं लागलेला वडीलधारा मनुष्य आधीं चहाचा कप लपवितो, मग लग्नकार्यास जाणें सोडतो. घरचीं माणसें मायेनें म्हणतात, “बाबा, बसून राहा, पडाल.” ही मायाच त्याचे पाय बांधते. वास्तविक या मुलुखांत साधनांची वाण नाहीं. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा येथें गांवोगांवीं आहे. मोठ्यानें भजन म्हणणें हा दबलेल्या आवाजाचा व्यायाम, आणि खंजिरीचा ठेका हा अडलेल्या पावलास इशारा. गडचिरोलीकडील रेला नृत्यांत तर हातांत हात गुंफून सारीं एका तालावर पावलें टाकतात. वैद्याचा सल्ला घेऊन, औषधाचा गुण अंगीं असतांना, जवळ भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार ठेवून चार कुटुंबें रोज एकत्र चालूं लागलीं, तर मित्रमंडळ झालेंच म्हणावयाचें.

व्याख्येसाठीं या निबंधाचा मान आहेच. आम्ही मात्र वाचकांस तो त्या सेवकासाठीं वाचावयास सांगूं. तो रोग्यास बसवून ठेवीत नाहीं, उचलूनही नेत नाहीं. त्यास धांवूं देतो, आणि आपण दोन पावलें पुढें राहतो.