विम एडिटर आणि आपलं जोडाक्षर

माझं पीएचडीचं काम नागपूरकडच्या बोलीवर आहे. लोक बोलतात ते रेकॉर्ड करायचं, मग हेडफोन लावून जसंच्या तसं उतरवून काढायचं. हे उतरवणं मी विममध्ये करते. विम म्हणजे टर्मिनलमध्ये, माऊसशिवाय चालणारा एडिटर. त्याच्या कीबोर्ड कमांड्सचं कौतुक तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. आज ते कौतुक मराठी टाइप करणाऱ्याच्या बाजूने तपासून बघू.

आधी मूळ कल्पना. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कलीत 'व्हीआय' लिहायला घेतला. त्याच धर्तीवर ब्राम मोलेनार यांनी केलेला विम १९९१ मध्ये लोकांसमोर आला. यात एकच बटण दोन कामं करतं. लिहिण्याच्या मोडमध्ये 'डी' दाबलं की डी उमटतो, आज्ञेच्या मोडमध्ये तोच डी म्हणजे 'खोड'. 'डब्ल्यू' म्हणजे शब्द. दोन्ही जोडले की 'शब्द खोड'. डीच्या जागी 'सी' घेतला की 'शब्द बदल'. क्रियापदं वेगळी शिकायची, नामं वेगळी, आणि वाक्य आपलं आपण जुळवायचं. भाषेच्या विद्यार्थ्याला हे आवडणारच.

पण हे व्याकरण इंग्रजी वळणाचं आहे: क्रियापद आधी, कर्म नंतर. काकून आणि हीलिक्स या नंतरच्या एडिटरांनी हा क्रम उलटा केलाय, आधी निवडा, मग काय करायचं ते सांगा. मराठी वाक्याला तो जवळचा. तरी खरं सांगू का, विमच्या क्रमाची सवय आठवड्याभरात होऊन जाते. त्यावरून मी त्याचे मार्क कापणार नाही.

खरी अडचण कीबोर्डची आहे. इनस्क्रिप्ट चालू ठेवून एस्केप दाबा आणि 'डी डी' करा. ओळ जायला हवी, जात नाही. कारण इनस्क्रिप्टमध्ये डीच्या बटणावर पाय मोडायचं चिन्ह आहे, विमकडे दोन पायमोडे पोचतात. कर्सर हलवायची एच, जे, के, एल ही बटणं प, र, क, त पाठवतात. म्हणजे दर आज्ञेआधी भाषा बदला, नंतर परत बदला.

विममध्येच यावर दोन उपाय आहेत. पहिला 'लँगमॅप': आलेलं मराठी चिन्ह अमुक इंग्रजी बटण समज. पण तो एका चिन्हाच्या बदल्यात एकच चिन्ह घेतो. इनस्क्रिप्टच्या आराखड्यात शिफ्टसकट चार म्हणजे रफार, पाच म्हणजे ज्ञ, सहा म्हणजे त्र. दिसायला एक, पण युनिकोडमध्ये दोन-तीन चिन्हं. आणि विममध्ये नेमकी हीच बटणं ओळीचा शेवट, जोडीचा कंस आणि ओळीची सुरुवात गाठायला लागतात. हा उपाय अर्ध्या वाटेवर सोडतो.

दुसरा 'कीमॅप', आणि तो फार चांगला आहे. कॉम्प्युटरचा कीबोर्ड इंग्रजीच राहतो, मराठी बटणांचा तक्ता विमच्या एका फाइलमध्ये आपण लिहून ठेवायचा. लिहिताना मराठी, एस्केप दाबलं की आपोआप इंग्रजी आज्ञा. ओळीतलं पुढचं अमुक अक्षर गाठायची 'एफ' ही कमांडही तक्ता मानते, म्हणून एफनंतर थेट 'म' देता येतो. ज्या दोन मोडना लोक नावं ठेवतात, ते दोन भाषांत काम करणाऱ्याला सोयीचेच आहेत.

मग माझी तक्रार कशाबद्दल? 'एक्स'बद्दल. एक्स म्हणजे कर्सरखालचं अक्षर खोड. 'की'वर दाबलं तर क आणि वेलांटी दोन्ही जातात, ठीक. पण माझ्या विममध्ये जोडाक्षर एक नसतं. 'ह्य' म्हणजे त्याच्या लेखी 'ह्' वेगळा, 'य' वेगळा.

आमच्याकडे "काय करून राह्यला?" असंही म्हणतात आणि "काय करून रायला?" असंही. हा ह कुठे ऐकू येतो आणि कुठे गळतो, तेच मी मोजते. एका रात्री टायपिंगची चूक खोडताना कर्सर एक घर पुढे होता. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचं घर देतं, जोडाक्षरं त्यात नीट बसत नाहीत, त्यामुळे कर्सर दिसतो एकीकडे आणि असतो दुसरीकडे. एक्स दाबलं आणि 'राह्यला'चं 'रायला' झालं. भलतंसलतं काही झालं असतं तर डोळ्याला खुपलं असतं. हे खुपलं नाही, कारण 'रायला' हा खरा शब्द आहे. ऑडिओ दुसऱ्यांदा ऐकताना ते सापडलं. बोलणाऱ्याने न गाळलेला ह एडिटरने गाळला होता, आणि मी तो बोलीचा पुरावा म्हणून मोजणार होते.

सगळा दोष विमवर टाकणं बरोबर नाही. जोडाक्षर अखंड मानायचा नियम युनिकोडमध्येच २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. पण "कर्सरखालचं अक्षर" असं म्हणणाऱ्या कमांडने अक्षर म्हणजे काय हे आपल्या लिपीपुरतंही बघायला हवं, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

तुम्ही विममध्ये मराठी लिहीत असाल तर कीमॅप जरूर वापरा. जोडाक्षरावर एक्स मात्र दाबू नका. 'सी आय डब्ल्यू' करून अख्खा शब्द नव्याने लिहा. शंका आली तर 'जी ए' दाबा, कर्सरखाली खरोखर काय आहे ते आकड्यांत दिसतं: ह असेल तर २३६१, सोबत पायमोडा असेल तर २३८१. मी विम सोडलेला नाही. उतरवलेली प्रत्येक फाइल मात्र आता ऑडिओशी दोनदा ताडून बघते.