मध्यरात्रीचा संवाद : एक वाङ्मयीन विचार

लिहिलेल्या संभाषणाला साहित्याने केव्हाच मान्यता दिली आहे. प्लेटोचे संवाद तत्त्वज्ञान आहेत तितकेच साहित्यही आहेत, आणि ना. सी. फडके यांनी लघुनिबंधाला ‘गुजगोष्टी’ म्हटले, तेव्हा बोलण्यातील आपलेपणालाच त्यांनी लेखनाचा गुण ठरविले. परंतु जे संभाषण लिहिले जात नाही, बोलता बोलता जन्मते आणि हवेत विरून जाते, त्याची परीक्षा कोणत्या निकषांवर करावी? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या उत्तररात्रीच्या नभोवाणीने हा प्रश्न टीकेपुढे उभा केला. टीकेने मात्र त्याची फारशी दखल घेतली नाही.

या प्रकाराच्या मुळाशी निसर्गाचीच एक सोय आहे. आयनावरणाचा सर्वांत खालचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि त्या लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर पोहोचतात. त्यामुळे न्यूयॉर्कच्या ५०,००० वॉट शक्तीच्या ‘डब्ल्यू. ओ. आर.’ केंद्रावरील शब्द रात्री दूरदूरच्या मालमोटारचालकाला, पहारेकऱ्याला, निद्रानाशाने पीडलेल्या माणसाला ऐकू येत असे. हा श्रोता एकटा असतो आणि त्याला घाई नसते. म्हणून येथे विषयांतर हा दोष ठरत नाही. किंबहुना तीच या प्रकाराची रचना होय. १९५० नंतरच्या दशकात याच केंद्रावर लाँग जॉन नेबेल यांनी उडत्या तबकड्या पाहिल्याचे सांगणाऱ्यांना आणि त्यांची शंका घेणाऱ्यांना एकाच मेजाभोवती बसवून रात्रीच्या रात्री बोलते ठेवले. तेथे ऐकणारा प्रथम आपला अविश्वास बाजूला ठेवतो. कोलरिजने काव्याच्या वाचकाकडून जी अपेक्षा केली, तीच येथे श्रोत्याकडून केली जाते.

परंतु बाजूला ठेवलेला अविश्वास पुन्हा हाती कोणी द्यावयाचा? या प्रकाराचे सारे मर्म या प्रश्नात आहे, आणि दोन निवेदकांच्या तुलनेने ते स्पष्ट होते.

पहिले जीन शेपर्ड (१९२१–१९९९). १९५६ च्या पूर्वार्धात ते मध्यरात्रीनंतर कित्येक तास एकटेच बोलत. दिवसाची माणसे याद्यांवर विश्वास ठेवतात, खपाची यादी म्हणजेच वाङ्मयीन गुणवत्ता असे मानतात, हा त्यांचा आक्षेप होता. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी श्रोत्यांच्या संगनमताने ‘आय, लिबर्टीन’ ही कादंबरी आणि फ्रेडरिक आर. यूइंग हा तिचा लेखक कल्पिला. श्रोते पुस्तकांच्या दुकानांत जाऊन हे अस्तित्वातच नसलेले पुस्तक मागू लागले; मागणी वाढली आणि पुस्तकाची चर्चा सुरू झाली. पुढे त्याच वर्षी बॅलन्टाइन या प्रकाशनसंस्थेने थिओडोर स्टर्जन यांच्याकडून ती कादंबरी खरोखरच लिहवून घेतली. येथे असत्य होते. पण श्रोता त्याचा बळी नव्हता, सहकर्ता होता. असत्य कसे घडते हे त्याला आतून दिसत होते.

दुसरे आर्ट बेल (१९४५–२०१८). नेवाडाच्या वाळवंटातील पारम्प या गावी, आपल्या घरातून, ते ‘कोस्ट टू कोस्ट ए. एम.’ हा कार्यक्रम करीत. बोलणाऱ्याची पूर्वचौकशी न करता ते दूरध्वनी थेट प्रक्षेपित करीत आणि त्याला अडविता क्वचितच. त्यांचे ऐकणे असामान्य होते. चमत्कारिकातील चमत्कारिक माणूसही आपले म्हणणे शेवटपर्यंत मांडू शके, हे त्या ऐकण्याचे सामर्थ्य होय. मर्यादाही त्यातच होती. नोव्हेंबर १९९६ मध्ये एका हौशी निरीक्षकाने या कार्यक्रमात सांगितले, की हेल-बॉप धूमकेतूमागे एक अज्ञात पदार्थ चालला आहे. वस्तुतः तो एक साधा तारा होता. त्याच्या समर्थनार्थ पुढे आलेले एक छायाचित्र जानेवारी १९९७ मध्ये बेल यांनीच प्रसिद्धीस दिले. तेव्हा हवाई विद्यापीठाच्या खगोलशास्त्रज्ञांनी ते आपल्या छायाचित्रात फेरफार करून बनविल्याचे दाखवून दिले. मार्च १९९७ मध्ये ‘हेवन्स गेट’ पंथाच्या ३९ जणांनी त्याच धूमकेतूचा संकेत मानून आत्मघात केला. त्याचे उत्तरदायित्व नभोवाणीवर टाकणे न्याय्य नव्हे. असा सहचर असो वा नसो, आपल्याला ते गौण आहे, असे त्या पंथानेच नमूद केले होते. तथापि जेथे विश्वास इतका प्राणांतिक ठरू शकतो, तेथे निवेदकाचे मौन तटस्थ राहात नाही, एवढे या घटनेने दाखविले.

शेपर्ड थोर आणि बेल सामान्य, असा याचा अर्थ नाही. शेपर्ड यांच्या कार्यक्रमात बोलणारा आवाज एकच होता. परक्याचा आवाज ऐकण्याचे औदार्य बेल यांच्याकडे होते, आणि संवादाचा आरंभ त्या औदार्यातच होतो. उणीव पुढच्या पायरीवर आहे. सॉक्रेटिस समोरच्याला मनमोकळेपणे बोलू देतो. परंतु त्यानंतर प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नातच बोलणाऱ्याविषयीचा आदर असतो. ऐकून घेऊन प्रश्नच न विचारणे ही एक प्रकारची उपेक्षा होय.

उत्तररात्रीच्या या संभाषणाला वाङ्मय म्हणावयाचे असेल, तर त्यातील विषयांची व्याप्ती आणि आवाजाचा आपलेपणा एवढ्यावर थांबून चालणार नाही. रात्र सरल्यावर श्रोत्याची विवेकबुद्धी त्याच्याकडे परत आली की नाही, आणि आली असल्यास पूर्वीपेक्षा जागरूक होऊन आली काय, हे टीकेने तपासले पाहिजे.