गटातून बाहेर पडायचं दार कुठे आहे?

फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्यात अमेरिकेत 2016 साली गाडीमालकांशी सामूहिक तडजोड झाली. ज्यांना ती पटली नाही, त्यांनी मुदतीत तसं कळवून अंग काढून घेतलं आणि वेगळे दावे लावले. आपल्याकडे हे जमेल का?

समजा, तुम्ही केडगावचे. तुमच्या गाडीत जो दोष आहे, तोच त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत आहे. दिल्लीत कुणीतरी परवानगी काढून सगळ्यांच्या वतीने तक्रार केली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 38(11) अशा तक्रारीला दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 1, नियम 8 लावतं. नोटीस नुसत्या जाहिरातीनेही देता येते. तुम्हाला पक्षकार व्हायचा अर्ज करता येतो. नोटिशीशिवाय तडजोडही करता येत नाही. पण ‘मला वगळा’ म्हणायचा हक्क नियमात नाही. निकाल मात्र तुम्हालाही बांधतो.

माझा आक्षेप इथेच आहे. दोष एक असला तरी नुकसान एक नसतं. कुणाचं इंजिन बदललं, कुणाची गाडी नुसती उभी राहिली. याच कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे तुम्हाला नगरलाच, तक्रार करायची सोय दिली. ती अशा वेळी कागदावरच राहू शकते.

गंमत म्हणजे भागधारकांना हे दार आहे! कंपनी कायद्याच्या कलम 245 खालच्या सामूहिक दाव्यातून न्यायाधिकरणाच्या परवानगीने बाहेर पडता येतं. 2016 च्या नियमावलीतला नियम 86 पाहा. मग गाडीवाल्याने काय घोडं मारलंय?

कलम 38(11) मध्ये एका वाक्याची भर पुरे. तोवर जाहीर नोटीस दिसली, तर अर्ज करा. गप्प बसू नका.