मराठी चरित्र-वाङ्मयातील एक रिकामी जागा : धनजीशा कूपर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सातारा जिल्हा मराठी वाचकाला ठाऊक झाला तो प्रामुख्याने आत्मचरित्रे व चरित्रे ह्यांच्या द्वारे. ह्या वाङ्मयाचे एक वैशिष्ट्य असे, की त्यातील बहुतेक प्रमुख व्यक्ती एकमेकांच्या ग्रंथांतून ये-जा करीत असतात. भाऊराव पाटील यशवंतराव चव्हाणांच्या आठवणींत भेटतात, किर्लोस्कर भाऊरावांच्या चरित्रात भेटतात. ह्या सर्वांच्या सरहद्दीवर एक गृहस्थ सतत उभे असलेले दिसतात, पण ते स्वतःच्या घरात मात्र कधीच भेटत नाहीत. ते गृहस्थ म्हणजे साताऱ्याचे पारशी कारखानदार सर धनजीशा बोमनजी कूपर. इतरांच्या ग्रंथांत त्यांचे नाव येते आणि पुढच्या परिच्छेदात नाहीसे होते. ही अनुपस्थिती केवळ योगायोगाची आहे, की आपल्या चरित्रलेखनाच्या घडणीतच तिचे कारण दडलेले आहे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

येथे सातारा म्हणताना जुना, अखंड जिल्हा अभिप्रेत आहे. त्याचे १९४९ साली उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. ज्या राजकारणाविषयी आपण बोलत आहोत ते ह्या विभागणीच्या आधीचे आहे. यशवंतरावांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगलीत आणि त्यांचे कऱ्हाड आज साताऱ्यात, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढील विवेचनात दोन्ही जिल्ह्यांची नावे मिसळलेली का दिसतात ते कळेल.

प्रथम कूपरांच्या कारकिर्दीची रूपरेषा पाहू. व्यवसायाने कारखानदार असलेला हा मनुष्य ब्राह्मणेतर पक्षाच्या आधाराने जिल्हा लोकल बोर्डाच्या राजकारणाचा सूत्रधार झाला. मुंबईच्या कायदेमंडळात गेला. द्विदल राज्यपद्धतीच्या अखेरच्या काळात सरकारात स्थान मिळविता झाला. सातारारोड येथे त्यांच्या नावाचा कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर हे त्याचे प्रसिद्ध उत्पादन होते, पुढे तेथे तेलाची एंजिनेही होऊ लागली. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ च्या प्रारंभी निवडणुका झाल्या, तीत कूपर सातारा जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून आले. काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला होता. परंतु गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत असे आश्वासन मिळाल्यावाचून अधिकारग्रहण करावयाचे नाही, असा तिचा निर्णय होता. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न ह्यांनी कूपरांना पाचारण केले. १ एप्रिल १९३७ रोजी कूपर मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले (त्या काळी प्रांताच्या प्रमुख मंत्र्यास हीच पदवी होती) आणि १९ जुलै रोजी बाळासाहेब खेर ह्यांचे मंत्रिमंडळ आले. म्हणजे कारभार जेमतेम साडेतीन महिन्यांचा. पहिले पंतप्रधान म्हणून खेरांचेच नाव घेण्याची आपल्याकडे सवय आहे, ती लोकमताच्या दृष्टीने समजण्यासारखी असली तरी कालगणनेच्या दृष्टीने चुकीची आहे.

आता ‘कृष्णाकाठ’ घेऊ. यशवंतराव चव्हाणांच्या आत्मचरित्राचा हा पहिला खंड १९८४ साली प्रसिद्ध झाला. पुढील खंडांची योजना त्याच वर्षी आलेल्या मृत्यूमुळे अपुरी राहिली. ह्या ग्रंथातील १९३७ च्या निवडणुकीचा भाग मला सबंध मराठी राजकीय आत्मचरित्रांतील उत्कृष्ट भागांपैकी एक वाटतो. चोविशीच्या आतबाहेरचा एक तरुण आणि त्याचे मित्र काँग्रेसच्या वरिष्ठांकडे जाऊन हट्ट धरतात, की आत्माराम पाटील ह्या शेतकरी कार्यकर्त्यास उमेदवारी मिळालीच पाहिजे. वरिष्ठांना हा आग्रह विशेष रुचत नाही, पण तरुण हटत नाहीत, आणि शेवटी आत्माराम पाटील उमेदवार होतात व निवडूनही येतात. जिल्ह्याच्या काँग्रेसला ग्रामीण, बहुजन चेहरा कसा लाभला, हे एका उमेदवारीच्या हकीकतीतून सांगण्याचे कसब साधे नव्हे. मतदानापेक्षा तिकीट मिळविण्याची लढाई अधिक नाट्यपूर्ण असते, हे लेखकाने नेमके ओळखले आहे.

परंतु निवडणुकीला दोन बाजू असतात. ज्या सत्तेविरुद्ध ही नवी पिढी उभी राहिली, ती सत्ता ह्या ग्रंथात कशी दिसते? कूपर येथे येतात ते लोकल बोर्ड आणि कायदेमंडळ ह्यांवर पकड असलेली एक शक्ती म्हणून. माणूस म्हणून ते येत नाहीत. चव्हाणांची वृत्ती संयमी. प्रतिपक्षाचे विडंबन करणे त्यांच्या लेखणीस मानवत नाही. हा गुण निःसंशय मोठा आहे, पण येथे त्याचा एक विपरीत परिणाम झालेला दिसतो. विडंबनात निदान नाक-डोळे तरी असतात. संयमाने काढलेल्या ह्या चित्रात प्रतिपक्षाला चेहराच राहिलेला नाही. एका पारशी व्यापाऱ्याला मराठा शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात, वर्षानुवर्षे, मते कशी मिळत होती, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि तसाच राहतो. जातीचे पाठबळ नाही, भाऊबंदकीचे जाळे नाही, सत्यशोधक जलशांच्या परंपरेत जन्म नाही. अशा मनुष्याचे वर्चस्व केवळ ‘पैशाच्या जोरावर’ असे म्हणून सुटत नाही. पैसा अनेकांजवळ होता.

भाऊराव पाटलांच्या चरित्रांत परिस्थिती थोडी निराळी आहे. तेथे कूपरांना चेहरा आहे, पण तो एकाच भावाचा. भाऊराव हे आरंभी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकीत. नंतर ते कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत सामील झाले, आणि पुढे दोघांचे तीव्र बिनसले. चरित्रकारांनी हा प्रसंग विश्वासघाताची कथा म्हणून रंगविला आहे. रयत शिक्षण संस्थेच्या संस्थापकाच्या जीवनात तो तसाच दिसणार, ह्यात वावगे काही नाही. पण चरित्रकाराची दृष्टी नायकापाशी इतकी खिळलेली आहे, की ह्याच प्रसंगात दडलेली दुसरी, अधिक मोलाची माहिती तिच्यातून निसटते. नांगर विकणारा मनुष्य गावागावांत जातो, पाटलाच्या ओट्यावर बसतो, कोणाजवळ किती बैल आहेत, कोणाची जमीन काळी आहे, कोण उधारी फेडतो, कोणाचे कोणाशी वाकडे आहे, हे सारे त्याला पाठ असते. निवडणूक लढविणाऱ्याला ह्याहून निराळे काय हवे असते? भाऊरावांनी नांगराच्या निमित्ताने पालथा घातलेला मुलूखच त्यांच्या शाळा-वसतिगृहांचाही मुलूख झाला. तोच मुलूख कूपरांचा मतदारसंघ होता.

येथे एक तपशील ध्यानात घेतला पाहिजे. त्या काळी ग्रामीण भागातील मताधिकार सर्वांना नव्हता, तो मुख्यतः जमीन महसुलाच्या रकमेशी जोडलेला होता. १९३५ च्या कायद्याने तो बराच विस्तारला, तरी प्रौढ मताधिकारापासून तो दूरच होता. आणि अवजड लोखंडी नांगर कोण घेत असे? ज्याच्या दावणीला बैलांच्या अनेक जोड्या आहेत, ज्याची जमीन खोल नांगरटीला योग्य आहे, असा शेतकरी. म्हणजे मतदारयादीतील नाव आणि कारखान्याच्या विक्रीवहीतील नाव हे अनेकदा एकाच थरातले असणार. गिऱ्हाईक आणि मतदार ह्यांचे वर्तुळ असे एकमेकांवर पडलेले असताना व्यापारी उमेदवाराचे बळ कशात असते, हे समजण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. त्याला लोकल बोर्डाची जोड मिळाली की रस्ते, ठेके आणि १९२३ च्या कायद्यानंतर प्राथमिक शाळांचा कारभार, म्हणजे पर्यायाने शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या, ह्यांचेही दोर हाती येत. ह्या साऱ्याचे मोल नैतिक तराजूत काय ठरते हा वेगळा प्रश्न. चरित्रकाराने आधी ते यंत्र उघडून दाखवावयास हवे होते.

उलट उदाहरण दूर नाही. कूपरांच्या कारखान्यापासून आगगाडीच्या त्याच रस्त्याने दक्षिणेस गेले की किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना वसविला. आज तो भाग सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी समजूत असताना पहिले नांगर खपविण्यास किती कष्ट पडले, हे मराठी वाचकाला गोष्टीसारखे पाठ आहे. ते का पाठ आहे? कारण किर्लोस्करांजवळ छापखाना होता. १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागले, मग ‘स्त्री’ व ‘मनोहर’ आले, शं. वा. किर्लोस्करांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ हे लक्ष्मणरावांचे चरित्र लिहिले आणि ‘शंवाकिय’ हे स्वतःचे आत्मचरित्रही. तीच वस्तू, तोच काळ, तोच शेतकरी. पण एका कारखानदाराची कथा मराठी गद्याचा भाग झाली, दुसऱ्याची झाली नाही. संस्थानी हद्दीत राहणाऱ्या लक्ष्मणरावांना मुंबईच्या कायदेमंडळासाठी मते मागण्याचे कारण नव्हते. राजेसाहेबांचा लोभ पुरेसा होता. कूपरांना मते हवी होती आणि ती त्यांनी मिळविली. मात्र मते मोजून संपतात, मासिकाचे अंक बांधून ठेवता येतात.

तथापि केवळ छापखान्याचा अभाव हे कारण देऊन थांबणे योग्य होणार नाही. आपल्या चरित्र-वाङ्मयाजवळ मोठेपणाची दोनच मापे आहेत : उद्योग आणि त्याग. लक्ष्मणराव पहिल्या मापात बसतात, भाऊराव दुसऱ्यात, यशवंतराव तुरुंगवासाच्या वाटेने दुसऱ्यातून सत्तेकडे येतात. धंदा चालू ठेवून कायदेमंडळात जाणारा मनुष्य दोन्ही मापांबाहेर पडतो. त्याचा उद्योग सत्तेच्या लोभाने डागाळलेला वाटतो आणि त्याच्या लोकसेवेत त्याग दिसत नाही. काँग्रेसने नाकारलेले पद गव्हर्नराच्या हातून स्वीकारणाऱ्याविषयी तर सहानुभूतीचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते कूपरांचा तो निर्णय राजकीय दृष्ट्या चुकीचा होता. बहुमत नसताना स्वीकारलेल्या पदातून काय साधणार होते? पण चुकीचा निर्णय घेणारा मनुष्य चरित्राला अपात्र ठरतो, हे तत्त्व मान्य केले तर चरित्र हा वाङ्मयप्रकार गौरवग्रंथांच्या पंगतीतच बसावयाचा.

ललित वाङ्मयाने ही उणीव भरून काढली काय? सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांच्या कादंबऱ्यांत धनिक हा ध्येयवादासमोर उभा केलेला एक ध्रुव आहे. १९३४ च्या कादंबरीचे ‘दोन ध्रुव’ हे नावच ती मांडणी सांगते. असा धनिक मतांसाठी कोणाच्या ओट्यावर जाऊन बसत नाही. व्यापारी, कारखाना आणि सत्ता ह्यांचे एकजीव चित्र मराठीत उमटले ते पुष्कळ पुढे, आणि तेही चित्रपटात. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘सामना’ (१९७५) मधील हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे. मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न त्याचा पाठलाग करतो. हिंदुराव दुष्ट आहे असे म्हणून तेंडुलकर सुटका करून घेत नाहीत. त्याने उभे केलेले वैभव खरे आहे, त्याचा अभिमानही खरा आहे, म्हणूनच त्याच्या हातून घडलेले पाप पाहणाऱ्याला जड जाते. कूपरांविषयी लिहिणाऱ्याने ह्या पद्धतीकडून धडा घ्यावा.

अर्थात हिंदुरावाचा नमुना कूपरांवर जसाच्या तसा बसविता येणार नाही. सहकारी साखरधंद्यातील नेत्यांची वाट बहुधा उलट दिशेने गेलेली आहे. वसंतदादा पाटील हे बेचाळीसच्या चळवळीतून पुढे आले, १९५२ साली सांगलीतून विधानसभेवर निवडून गेले आणि सांगलीचा सहकारी साखर कारखाना त्यानंतर उभा राहिला. तेथे राजकारण आधी आणि कारखाना मागाहून. कारखान्याचा सभासद, ऊस घालणारा आणि मत देणारा तेथेही पुष्कळदा एकच. परंतु सभासदाला कारखान्यात भाग असतो, नांगराच्या गिऱ्हाइकाला तो नसतो. व्यापारी उमेदवार आणि सहकारी उमेदवार ह्यांतला हा भेद किती खोल आणि किती वरवरचा, हे कूपरांची हकीकत नीट लिहिली गेल्यावाचून सांगता येणार नाही.

ती लिहिण्यास साधने नाहीत असे नाही. मुंबई कायदेमंडळाच्या चर्चा छापलेल्या आहेत. त्यांत सातारच्या प्रतिनिधीने शेतसाऱ्यावर, लोकल बोर्डांच्या अधिकारांवर काय भाषणे केली, कोणत्या ठरावावर कोणत्या बाजूने मत दिले, हे तपासता येते. नियतकालिकांतील नांगरांच्या जाहिराती हे तर भाषेच्या अभ्यासकाचेच क्षेत्र आहे : शेतकऱ्याला ‘आपण’ म्हणून संबोधिले आहे की ‘तुम्ही’, खात्री कोणत्या शब्दांत दिली आहे, कोणत्या गावच्या कोणत्या पाटलाचा दाखला जोडला आहे. अशा जाहिराती निवडणुकीच्या पत्रकांशेजारी ठेवून वाचल्या, तर विक्रीची मराठी आणि मतयाचनेची मराठी कोठे जुळते व कोठे फारकत घेते, हे दिसू लागेल. कामाचा आरंभ सातारारोडच्या आसपासच्या गावांपासून व्हावा. कूपर हे नाव साताऱ्याच्या कारखानदारीत अद्याप चालू आहे; परंतु ते नाव कधी काळी मतपत्रिकेशी जोडलेले होते, हे सांगणारी माणसे आता विरळ झाली आहेत.