अक्षरांचा थाट

दागिना अंगावर शोभावा, अंगाला जड होऊ नये, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना पक्के ठाऊक असते. अक्षरांच्या थाटालाही हाच न्याय लावावयास हवा. लग्नपत्रिका, मासिकांची मुखपृष्ठे आणि दागिन्यांच्या जाहिराती यांतून एक ऐटबाज वळण अलीकडे वारंवार दिसते. जाड रेघ चांगली गलेलठ्ठ आणि बारीक रेघ केसासारखी! इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ सालचा ‘रोझा वन’ हा त्यातला ठळक नमुना.

ही ऐट मुळात युरोपची. पार्मा येथील बोडोनी (१७४०–१८१३) आणि पॅरिसचे दिदो घराणे यांनी रोमन अक्षरांत जाड-बारीकपणाचा हा विरोध टोकाला नेला. पुढे फॅशनच्या मासिकांनी तो श्रीमंतीची खूण म्हणून उचलला. पण रोमन लिपीला जे मानवते ते देवनागरीला मानवेलच असे नाही. आपल्या बोरूची कापणी तिरपी. तिने उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड येते, रोमन लेखणीच्या अगदी उलट. शिवाय आपल्याकडे शिरोरेषा आहे. तीच केसासारखी झाली, तर शब्दाचे छप्परच उडाले म्हणावयाचे!

खरा धोका याहून नाजूक आहे. ‘ब’ आणि ‘व’ यांत भेद एका तिरप्या रेघेचा, ‘ष’ आणि ‘प’ यांतही तेवढाच. बारीक टाइपात किंवा हलक्या कागदावर ती रेघ उडाली, की ‘बाई’ची ‘वाई’ व्हावयास वेळ लागत नाही. पत्रिकेत असे झाले, तर दोन्ही घरी रुसवेफुगवे ठरलेलेच!

नगर जिल्ह्याला ही गोष्ट परकी वाटू नये. १२९० साली नेवाशास ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असे परंपरा सांगते. १८४२ साली अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ निघाले तेही अहमदनगरलाच, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. त्याच मिशनच्या मुंबईतील छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली ‘निर्णयसागर’ काढला. त्या टाइपातही जाड-बारीक आहेच, पण बोरूच्या मर्यादेतले. म्हणून त्यावर पोथ्याच्या पोथ्या वाचल्या तरी डोळा शिणत नाही.

‘रोझा’ वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या कर्त्यांनी तो मथळ्यांसाठीच घडविला आहे, आणि मोठ्या आकारात, दोन-तीन शब्दांच्या मथळ्याला तो खरोखर देखणा दिसतो. दोष आहे तो वापरणाऱ्यांचा. याच वळणात सबंध पत्रिका, मंगलाष्टके आणि आप्तांची नावे छापली, की आजोबांना चष्मा पुसावा लागतो. वधूवरांची नावे खुशाल थाटात छापावीत. मुहूर्त, स्थळ आणि पत्ता मात्र साध्या, भरल्या अंगाच्या अक्षरांत द्यावा. पाहुणे वेळेवर पोहोचतील.